शरीर समितीतला मी

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून चहा आधी संपवा. नाहीतर नाकातून येईल!

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. अमरावतीत लोकांनी हौसेनं वैद्यकाचं कॉलेज काढलेलं. सरकार दमडी देत नव्हतं, सगळा गाडा गावच्या समित्यांवर. कोणी मुलांच्या जेवणाची समिती चालवी, कोणी औषधी झाडांची. मी संत्र्यांचा दलाल. सभेला उशिरा पोचलो, तर वैद्यबुवा, म्हणजे आमचे प्रिन्सिपल, म्हणाले, "शरीर समितीला माणूस नाही."

मी हात वर केला. व्यायामाची आवड ना मला! टाळ्या पडल्या. एवढ्या का पडल्या, हे तेव्हाच विचारायला नको होतं का?

बुवांनी मला बाजूला घेतलं. "परवा नागपूरचे साहेब तपासणीला येतात. पोरांना शरीर दाखवलेलं नसेल, तर कॉलेज बंद! आणाल?"

"उद्याच आणतो! कसं पाह्यजे?"

"जरा भरलेलं. मागचं फार हाडकुळं होतं."

"अकोल्यात हायेत न एकाहून एक!"

बुवा दचकले. "तिकडे साथ आहे की काय?"

"तर! लोकायची मोठी साथ हाये."

"अरेरे! घरचे हरकत घेणार नाहीत ना?"

"हरकत? खाऊन खाऊन घर बुडवलं म्हणतात, सुटले समजतील!"

बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं माझ्या धडाडीवर खूश आहेत.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याच्या आखाड्यातून रहीम पैलवानाला घेऊन आलो. छाती म्हणजे कापसाचा गठ्ठा! कॉलेजच्या पोरांपुढे शरीर दाखवायचं म्हटल्यावर गडी तेल लावून, लंगोट कसून तयार. शरीर समितीची म्हणून जी खोली दाखवली, तिथं लांबलचक दगडी ओटा. प्रवासानं थकलेला रहीम त्यावर आडवा झाला, माशा नकोत म्हणून चादर तोंडावर ओढून घोरायला लागला. मी बुवांना निरोप दिला, "शरीर आलं!"

बुवा पोरांसह आले. सगळ्यांनी चादरीपुढे हात जोडले. पैलवानाचा काय हा मान, म्हणून मीही जोडले! मग बुवांनी चाकू काढला आणि चादर सारली.

रहीमनं डोळे उघडले. "मालिश कराले चाकू कायले, बुवा?"

एक पोरगा खिडकीतून गेला. दुसऱ्यानं खिडकीची वाट न पाहता मलाच मिठी मारली.

"अहो, मेलेलं पाहिजे होतं!" बुवा ओरडले.

"मंग तसं सांगा न!"

"चारचौघात मढं म्हणू का?"

रहीमला उलगडा झाला. त्यानं मला काखेत धरून अलगद ओट्यावर ठेवलं. "हे घ्या बुवा. कापा. मी धरून ठेवतो!"

हसण्याचा असा कल्लोळ झाला, की पळालेलेही परत आले. बुवांनी मग रहीमलाच उभं केलं आणि त्याच्या जिवंत दंडा-पाठीवर एकेक स्नायू शिकवला. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या साहेबांनी विचारलं तेव्हा पोरं धडाधड बोलली. कॉलेज वाचलं!

पण रहीमच्या अंगावरचा तो धडा संपता संपता एका पोट्ट्यानं विचारलं, "गुरुजी, मेंदूशिवाय माणूस चालू-बोलू शकतो काय?"

बुवांनी ओट्यावरून उतरणाऱ्या माझ्याकडे पाहिलं.

"कालपर्यंत मी नाही म्हणालो असतो."