सत्तावीस घरांचं पाणी

समजा, तुमच्या हातात कोंबडीचं एक पीस आहे. समोर पाटावर एक माणूस डोळे मिटून बसला आहे. तुम्ही पिसाचं टोक त्याच्या अंगावर हलकेच टेकवायचं आणि त्याने डोळे न उघडता नेमक्या त्याच जागी बोट ठेवायचं. दाबायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं. मनगट, कोपर, खांदा. बोट बरोबर येत जातं. मग दंडावर रुपयाएवढा फिकट डाग दिसतो. तुम्ही त्याच्या मधोमध पीस टेकवता आणि थांबता. बोट येत नाही. माणूस तसाच बसून आहे, तुम्ही पीस कधी टेकवताय याची वाट बघत. त्याच्या घरची चार माणसं मात्र तुमच्या तोंडाकडे बघतायत. आता त्याला डोळे उघडायला सांगायचं, आणि पुढचं तुम्हीच बोलायचं.

लवू केळुसकर हे काम गेली दहा वर्षं करतायत. १९५७ साली कुष्ठरोग निवारणाचं काम करणारी एक संस्था कुडाळच्या बाजूला आली. सातवी पास झालेल्या तरुणांना सहा महिने शिकवायचं आणि गावोगाव पाठवायचं, अशी तिची रीत. लवू तेव्हा वालावलच्या खाडीत वडिलांबरोबर होडी चालवत होते. त्यांनी अर्ज केला तेव्हा संस्था कसली, हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. सायकल मिळणार, एवढं ठाऊक होतं.

सायकल मिळाली. खाकी पिशवी मिळाली. आई मात्र दोन महिने बोलली नाही. कामाचे कपडे मागच्या पडवीत उतरवायचे आणि आंघोळ करूनच आत यायचं, असा नियम तिने घातला. कुडाळात खोली बघायला गेले, की संस्थेचं नाव ऐकताच मालकाला आठवायचं, की ही खोली पुतण्यासाठी ठेवलीय. "कुडाळात इतके पुतणे आसत ह्या माका तेवाच कळला," असं लवू सांगतात. गावांतून त्यांचं नाव पडलं 'गोळयांचो मास्तर'.

मी त्यांच्याच केंद्रात प्रयोगशाळेत काम करतो. काचपट्ट्या रंगवणं आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणं हे माझं काम. मागच्या पावसाळ्यात जुनी कार्डं गावांप्रमाणे लावताना एक कार्ड हाती आलं. विमला, खारवाडी. साडेतीन वर्षं नेमाने गोळ्या घेतल्याच्या खुणा, आणि शेवटी लवू मास्तरांच्या अक्षरात 'स्थलांतर, पत्ता अज्ञात'. एवढी नेमाची रुग्ण आणि पत्ता कसा नाही, म्हणून मी विचारलं. मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं.

खारवाडी म्हणजे मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यावरची सत्तावीस घरांची मच्छीमार वस्ती. १९६१ साली तिथे पाहणी झाली. सुभद्रा मासे विकायची, नवरा नव्हता, विमला तिची एकुलती मुलगी, वय सतरा. विमलाला पाटावर बसवलं. उजव्या दंडावर डाग होता. मास्तरांनी डागावर पीस टेकवलं, आणि बोट बरोबर आलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा आलं. मास्तरांना आनंद झाला. तिसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात आलं, की पीस टेकलं की मागे उभी असलेली सुभद्रा खोकते. डाग कुठे आहे ते विमलाला ठाऊक होतंच. बोट कधी ठेवायचं, तेवढंच तिला हवं होतं.

"मावशी, खोकलो कदीपासून?"

"पडसा झाला."

"मगे जरा पाणी दी."

सुभद्रा आत गेली. मास्तरांनी पीस टेकवलं. बोट आलं नाही. सुभद्रा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा मुलीचे दोन्ही हात मांडीवर तसेच होते. तिने तांब्या खाली ठेवला आणि दाराला कडी घातली.

मास्तरांनी सांगायचं ते सांगितलं. कानाच्या पाळीतून घेतलेल्या नमुन्याची काचपट्टी पुढे तपासली गेली, तिच्यात जंतू नव्हते. म्हणजे तिच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती नव्हती. चार-पाच वर्षं गोळ्या घेतल्या की ती पूर्ण बरी होणार. अर्ध्यावर सोडल्या, तर मात्र डाग पसरतो, शिरा सुजतात आणि पुढे बोटं वाकतात.

"खाईत ती गोळयो," सुभद्रा म्हणाली. "पण एक सांगतंय मास्तर. तुझी सायकल माझ्या दारात दुसऱ्यांदा उभी रवली, तर ह्या चेडवाचा लगीन तुझ्यावांगडाच लावन दितलंय."

"माझा झाला गो मावशी."

"मगे उभी करू नको."

तिचं खरं होतं. मास्तरांची सायकल ज्या दारात थांबे, त्या घराचं नाव चार दिवसांत आजूबाजूच्या गावांना कळे. दर बुधवारी उंडीच्या झाडाखाली गोळ्या वाटल्या जायच्या, तिथेही विमला येईना. येणार कशी? सगळी वाडी बघत असायची. तिच्या कार्डावरचे सहा बुधवार कोरे गेले.

सातव्या बुधवारी मास्तरांनी वाडीच्या पहिल्याच घरासमोर सायकल लावली. त्या घरात कुणी रुग्ण नव्हता. "पाणी दी गो बाय," म्हणून ओट्यावर बसले, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी केली, पाणी प्यायले, उठले. मग दुसरं घर. मग तिसरं. सत्तावीसच्या सत्तावीस घरं. सुभद्राचं घर एकोणिसावं होतं. तिथेही पाणी प्यायले, आणि रिकाम्या पेल्याखाली गोळ्यांची पुडी ठेवून विसाव्या घराकडे गेले.

त्यानंतर दर बुधवारी हेच. पोरी हसायच्या. "मास्तर, तुमच्या संस्थेत पाणी देणत नाय काय?"

"सायकलीक व्हया आसता," मास्तर म्हणायचे.

दोन-तीन महिन्यांत, सायकल दारात उभी आहे याचा खारवाडीत काही अर्थच उरला नाही. उलट एखादं घर चुकलं तर तिथली बाई रागवायची. विमलाच्या कार्डावर ओळीने खुणा होऊ लागल्या.

पंचाईत केंद्रावर झाली. तिथले पर्यवेक्षक गुरुदास पंडित रोजनिशी तपासायचे. त्यांनी बोट ठेवलं. "लवू, चार रुग्णांना साडेपाच तास? दुपारी जायचं गाव तीन आठवडे राहिलंय. तिथल्या माणसांनी काय करायचं?"

ते गाव खरंच राहिलं होतं. मास्तर म्हणाले, "तुम्ही एकदा बरोबर या."

पंडित आले. पहिल्या घरी पाणी, दुसऱ्या घरी पाणी, चौथ्या घरी साहेब म्हणून शहाळं. नाही म्हणण्याची सोय नव्हती, कारण साहेब पाणी नाकारतो ही बातमी सायकलीपेक्षा वेगाने गेली असती. अकराव्या घरातून बाहेर पडताना ते हळूच म्हणाले, "लवू, मी जरा माडाखाली जाऊन येतो." मग पंधराव्या घरानंतरही. संध्याकाळी त्यांनी रोजनिशीत लिहिलं, 'पद्धत योग्य. वेळ लागतो.' राहिलेल्या गावासाठी मास्तरांनी रविवार दिला.

साडेतीन वर्षं गेली. डागाला कातडीचा रंग येत तो जवळजवळ मिटला. डॉक्टर म्हणाले, छान आहे, पण अजून एक वर्ष गोळ्या चालू ठेवा. त्याच सुमारास विमलाला आरोंद्याचं स्थळ आलं. मुलगा बाबू, खाडीत स्वतःची होडी. त्याचा काका विठोबा घर बघायला आला, आणि परत जाताना त्याने मास्तरांना वाटेतच सायकलसकट अडवलं.

"मास्तर, तुमी हयसर घराघरात पाणी पितास. तुमच्यापासून काय लपलेला आसा? सुभद्राचा चेडू आमी करूचा म्हणतंव. मोठा दुखणा-बिखणा नाय मां त्या घरात?"

मोठं दुखणं म्हणजे कुष्ठरोग. रुग्णाचं नाव कुणालाही सांगायचं नाही, हे शिक्षणात पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण सांगता येत नाही असं म्हटलं असतं, तर तेच सांगणं झालं असतं. मास्तर म्हणाले, "त्या चेडवाच्या हातचा पाणी मी साडेतीन वर्सां पितंय."

ते खरंच होतं. विठोबा हसला. "बस झाला! आणि काय व्हया?"

लग्न वैशाखातलं ठरलं. आणि मग कार्डाचा प्रश्न आला. रुग्ण दुसऱ्या भागात गेला, की कार्ड तिकडच्या केंद्राला पाठवायचं. तिथला माणूस पत्ता शोधत घरी जातो. आरोंद्यात सत्तावीस घरं पाणी पिणारं कुणी नव्हतं. तिथे सायकल एकाच दारात उभी राहिली असती, नव्या सुनेच्या. सुभद्राने तोंडाने काही मागितलं नाही. हळदीच्या आदल्या दिवशी ती केंद्रापर्यंत आली, फाटकाबाहेर उभी राहिली आणि परत गेली.

मास्तरांनी स्थळ आल्यापासून साठ्यातून थोड्या थोड्या गोळ्या बाजूला काढल्या होत्या. एका वेळी महिन्याहून अधिक गोळ्या कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत, हाही नियमच. त्यांनी वर्षाच्या गोळ्या पावडरच्या डब्यात भरून विमलाला दिल्या, कशा घ्यायच्या ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, आणि कार्डावर 'पत्ता अज्ञात' असं लिहिलं.

मला हे सांगितलं तेव्हा लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. सुभद्राला विचारलं, की ती म्हणते, "बरा आसा." विमला एकदाच माहेरी आली, बाळंतपणाला. मास्तर बुधवारी गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. तिने मूल दाखवलं. तिच्या चोळीच्या बाह्या कोपरापर्यंत होत्या, आणि हातात मूल असल्यामुळे बोटं नीट दिसली नाहीत. तेवढ्या माणसांत विचारणार काय?

मी ते कार्ड धरून उभाच होतो. आरोंद्याच्या केंद्राला ते आजही पाठवता येतं, टपालाने दोन दिवसांत पोहोचेल. मास्तरांनी ते माझ्या हातातून घेतलं, बघितलं आणि मला परत दिलं. मग जे विचारलं, ते त्यांनी नंतरही मला दोनदा विचारलंय:

"तू शिकलेलो आसस, सांग. नवऱ्यान बघूक नको म्हणान तिना त्यो गोळयो खाडयेत टाकल्यान, काय खाल्ल्यान?"