गोगलगायी आणि तांब्याच्या दोन घागरी

आमच्या हायस्कुलातल्या शास्त्राच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी होती. होड्या बांधणाऱ्या सुतारांनी लोखंडी चौकट करून सांध्यांत डांबर भरलं होतं. आत श्रीवर्धनच्या खडकांवरून आणलेले दगड, त्यांना चिकटलेली, हात लावला की मिटणारी फुलांसारखी जनावरं, बोटाएवढे मासे आणि ओंजळभर गोगलगायी.

गोगलगायी शोभेसाठी नव्हत्या. टाकी खिडकीशी असल्यामुळे चार दिवसांत काचेवर हिरवं शेवाळ धरायचं आणि आतलं काही दिसेनासं व्हायचं. ते शेवाळ त्या खरवडून खायच्या. सकाळी काचेवर त्यांच्या स्वच्छ, नागमोडी वाटा दिसायच्या.

ही युक्ती माझी नव्हे. मी नुकतीच कॉलेज संपवून तिथे शास्त्र शिकवायला आले होते आणि फडक्याने काच पुसत बसले होते. टाकीचं पाणी आणणारी कोळीवाड्यातली बाई ते बघून हसली.

“बाय, खडपावरचं शेवाळ कोन खातं? मी खाते?”

दुसऱ्या दिवशी ती टोपलीत ओल्या फडक्याखाली गोगलगायी घेऊन आली. उलटी पडलेली गोगलगाय ती सुलटी करून ठेवायची, मेलेली वासावरून ओळखून काढायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिचा नवरा होडीबरोबर गेला होता, परत आला नव्हता. शाळेतलं काम तात्पुरतं होतं. थंडीत तपासणीला खात्याचे साहेब येतील, टाकी बघतील, मग तुला कायम करू, असं हेडमास्तरांनी तिला सांगितलं होतं. त्या एका गोष्टीवर ती जगत होती.

पाणी ती पूर्ण भरतीला खडकांपलीकडून आणायची आणि गाळ बसायला रात्रभर मडक्यांत ठेवायची. ही मडकी शाळेच्या कुंपणाबाहेर, भेंडीच्या डेरेदार झाडाखाली. शाळेचं पिण्याचं पाणी व्हरांड्यात तांब्याच्या घागरींत असे. त्या घागरींना हात लावायची तिला बंदी होती. मासळीचा हात, म्हणून.

माझी अक्षरओळख अस्पृश्यतेविरुद्धच्या पत्रकांवर झाली. वडील ती छापून आणायचे, आई आणि मी घड्या घालायचो. वेगळा पेला, वेगळा माठ, वेगळी पंगत हे शब्द मी शिव्यांसारखे शिकले. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षं झाली तरी कुंपणाबाहेर मडकी! मी हेडमास्तरांशी भांडले. ते म्हणाले, “बाई, तिची तक्रार नाही, तुमची का?” ह्या वाक्याने तर मी पेटलेच. पुढच्या सोमवारी आईच्या दोन तांब्याच्या घागरी चिंचेने लख्ख घासून घेऊन आले आणि शास्त्राच्या खोलीत, टाकीशेजारी ठेवल्या.

“मावशी, आजपासून पाणी ह्यात. आणि आत ठेवायचं, बाहेर नाही.”

तिने घागरीवरून हात फिरवला. “झाक हायेत. पन खाऱ्या पान्याला माती बरी, बाय.”

“का?”

“माती ती माती. तांब्यात खारं ठेवू नये.”

“हे तुला कुणी शिकवलं? ह्या सोवळ्या लोकांनीच ना?”

“सासूनं.”

“सासूलाही ह्यांनीच शिकवलं असणार.”

तिने घागर काखेला लावून बघितली. मग म्हणाली, “बरं. तू शिकलेली.” मडकी मी स्वतः फोडली. खापऱ्या भेंडीखाली कितीतरी दिवस पडून होत्या. मला त्यांच्याकडे बघून बरं वाटायचं.

पहिल्या आठवड्यात गोगलगायी काचेवर चढून पाण्याच्या कडेला गोळा झाल्या. मग एकेक सुटून खाली पडू लागली. मावशी उलटीला सुलटी करायची, ती पुन्हा कलंडायची. तिने नव्या आणल्या, त्याही गेल्या. शेवाळ दाट झालं. दगडावरची फुलं मिटली ती उघडलीच नाहीत, मासे कुशीवर तरंगायला लागले. साहेब आले त्या दिवशी खोलीत इतकी घाण सुटली होती की त्यांनी रुमाल नाकाला लावून दारातूनच बघितलं.

तिसऱ्या दिवशी ह्यावर शाळेची कमिटी बसायची होती. त्या सकाळी मी घागरी आवरायला घेतल्या. आत हात घातला तर गळ्याशी हिरवट-निळं कडं. वाडीत सुपारीवर फवारतात त्या मोरचुदाचा रंग. मी घागर धरून तशीच उभी राहिले. तांब्यात ताक कळकतं हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तांब्याचं मोरचूद होतं हे फळ्यावर तर मीच शिकवत होते. रात्रभर ठेवलेलं खारं पाणी तांबं खात होतं आणि ते विष मी रोज सकाळी माझ्या देखरेखीखाली टाकीत ओतवत होते.

कमिटी हेडमास्तरांच्या खोलीत बसली. मावशी दाराबाहेर उभी होती, पदर सावरून. अध्यक्ष सुपारीचे बागायतदार. ते म्हणाले, “तिनं काहीतरी घाण पाण्यात घातली. ह्या लोकांना खोलीत घेतलं की हेच. बाई, तुमचं शास्त्र काय म्हणतं?”

तीन शब्द पुरले असते: घागरी माझ्या होत्या. पण ते शब्द बोलले असते तर अध्यक्ष हसले असते. बघा, मडकी बाहेर होती तेच बरोबर होतं, म्हणाले असते, आणि गावभर तेच झालं असतं. माझी बाजू हरली असती. मी असा विचार केला. बाजू म्हणजे काय आणि ती कुणाची, हे तेव्हा विचारलं नाही.

“नक्की कारण सांगता येत नाही,” मी म्हणाले.

दार उघडंच होतं. तिने ऐकलं. ती आत आली नाही. संध्याकाळी शिपायाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मी घागरी घरी नेल्या. आईने राखेने घासल्या. आजही त्यांत पाणी भरतात.

पाचएक वर्षांनी ती मला दिघीच्या धक्क्यावर भेटली. आगरदांड्याला जाणाऱ्या होडीची वाट बघत बसली होती, समोर सुक्या बोंबलांची पाटी. हात मिठाने फुटले होते. तिने मला ओळखलं आणि सरकून बसायला जागा दिली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: घागरी, हिरवं कडं, कमिटी. पाठ केलेल्या भाषणासारखं झालं ते.

“मला ठावं व्हतं,” ती म्हणाली. “पयल्या गोगलगायी पडल्या तवाच.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले व्हते ना. तुलाच बोलले व्हते.”

होडी धक्क्याला लागत होती. ती पाटी डोक्यावर घ्यायला वाकली. मी हात लावायला पुढे झाले, तिने आधीच उचलली होती.

“मला कशाला सांगतेस आता?” ती म्हणाली. “शाळेत जाऊन सांग की.”

ती होडीत चढली. मी चढले नाही. पुढच्या आठवड्यात, मी केव्हाच सोडलेल्या त्या शाळेत गेले. अध्यक्ष तेच होते. मी सगळं सांगितलं. ते हसले, अगदी मला वाटलं होतं तसेच, आणि म्हणाले, “म्हणजे आम्ही मडकी बाहेर ठेवत होतो ते बरोबरच होतं की, बाई.” तिच्या जागी पिण्याचं पाणी भरायला माणूस ठेवून चार वर्षं झाली होती. टाकीत नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या केल्या होत्या. काच मात्र तशीच होती, आतून वाळलेल्या शेवाळाने काळी पडलेली.