झोंबत नाय म्हणजे बरं झालं

"पाण्यात उभा राहून कुणाचे पाय जळतात? तळव्यात चूल पेटवलीस काय?"

माझी धाकटी जाऊ मैना नवऱ्यावर ओरडत होती. मी कुडाच्या अलीकडे तांदूळ निवडत होते.

"जळतात म्हणजे जळतात," महिपती म्हणाला. "आग काढून दाखवू तुला?"

"काम नको म्हणून सोंगं हायेत सगळी!"

मी कुडाआडून हसले. त्याला तेरा वर्षं झाली. ते हसू मला अजून सलतं, म्हणून लिहायला बसले. माझी चौथीही झाली नाय, चुका काढायच्या त्यांनी काढाव्यात.

महिपती माझा दीर. धरमतरच्या खाडीवर त्याचा जन्म मिठागरात अनवाणी गेला. मिठागर बंद पडलं तरी बांधाची उघाडी त्याच्याकडेच राहिली. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीआधी बंद करायचं. नाहीतर खारं पाणी आत शिरून भात मेलं.

सारा गाव म्हणे, मिठानं पाय खाल्ले. पेणचा एक डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "वय झालं." बेचाळीस वर्षांच्या माणसाला! मेल्याचे स्वतःचे तळवे दोन दिवस जळायला हवे होते.

दहा वर्षं अशीच गेली. मग नवी डॉक्टरीणबाई आली. मी सोबत होते. तिनं रक्त तपासलं, शुगर भलती वाढलेली. महिपतीला डोळे मिटायला सांगून तिनं टाचेला बारीक तार टेकवली.

"कळलं?"

"काय?" महिपतीनं विचारलं.

ती म्हणाली, "शुगरनं नसा बिघडल्यात. नसेला बारीक बारीक दारं असतात. त्यांतून कॅल्शियम आत गेलं की दुखल्याची खबर पुढे जाते. तुमची दारं नको तेवढी उघडतात, म्हणून आग नसताना आगीची खबर. आणि जिथं नस मेली, तिथं खरं लागलं तरी खबर नाही."

महिपती हसला. "म्हणजे उघाडी बिघडलीय माझी. मैनेला सांग गो वैनी, सोंग नव्हतं."

ती दारं आवरणारी गोळी मिळाली. आग निम्म्यावर आली. "अनवाणी फिरू नका, रोज तळवे बघा," बाईनं दहादा बजावलं.

पण आम्ही मिठाची माणसं. पाय कापला की खाऱ्या पाण्यात घालायचा. झोंबलं तर जखम ओली, झोंबत नाय म्हणजे बरं झालं. गेल्या भादव्यात कालवाच्या शिंपेनं त्याची टाच चिरली. चौथ्या दिवशी खाऱ्या पाण्यात पाय ठेवून म्हणाला, "बघ वैनी, कायच नाय."

"मग बरं झालं," मी म्हटलं. मी! बाईचं सगळं कानांनी ऐकून आलेली मी!

आठवड्यानं मैनेला वास आला. टाच आतून काळी पडलेली. पाय कापायचं ठरलं, पण विष रक्तात गेलेलं. दवाखान्यातून तो परत आला नाय. भेटायला आलेले म्हणाले, "मिठानंच नेला." त्यांना मी चहा विचारला नाय.

दवाखान्यात न्यायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. मैना पिशवी घेऊन आत बसलेली. भरती चढू लागली होती.

"आज उघाडी दुसरा कुणी बंद करील, भावजी," मी म्हटलं.

"दुसरा कोण? भात पोटऱ्यात आलंय, लोंबी फुटायचीय."

पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून, काठी टेकत तो बांधावर गेला. उघाडीचं दार खाली सोडलं, फटींत चिखल दाबला, पाणी झिरपत नाय ना ते हात लावून बघितलं, आणि येऊन रिक्षात बसला.