नावं ठेवणाऱ्या सुलभाताई

सुलभाताईंना सगळ्यात जास्त चीड यायची ती बिननावाच्या लेयरची. हलणाऱ्या चित्रांच्या आमच्या कामात प्रत्येक वस्तू वेगळ्या थरावर काढायची असते. झाड एका लेयरवर, पाणी दुसऱ्या, अक्षरं तिसऱ्या. नाव दिलं नाही, तर सॉफ्टवेअर आपणच एक आकडा चिकटवून मोकळं होतं. कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात ताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवून कडाडल्या, "शेप लेयर सत्तेचाळीस? हे काय नाव झालं? तुझ्या आईनं तुला कधी 'मुलगा क्रमांक दोन' म्हणून हाक मारली का रे?"

मी तळा गावचा. खोली घेऊन अलिबागला राहत होतो. एसटी स्टँडच्या मागे पहिल्या मजल्यावर आमचा छोटासा स्टुडिओ होता. लग्नाच्या पत्रिकांचे व्हिडिओ, काशीदकडच्या रिसॉर्टच्या जाहिराती, निवडणूक आली की उमेदवारांची हसरी तोंडं, असलं काम चालायचं. मालकांना आम्ही सर म्हणायचो. पण कुठलीही फाईल ताईंच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. त्या लेयरनाही नावं ठेवत आणि आम्हालाही. पाण्याचे लेयर निळे, अक्षरांचे पिवळे, जे हलतं ते तांबडं. एका जागेचे सगळे लेयर एका पाकिटात, म्हणजे फोल्डरमध्ये. "उद्या मी मेले," त्या म्हणत, "तरी फाईल उघडणाऱ्याला कळलं पाहिजे काय कुठं आहे. त्याला माझ्या तेराव्याला येऊन विचारायला लावू नका."

राग मात्र त्यांचा नेहमी वरच्या दिशेला जायचा. एकदा आमच्यातल्या एकानं जुन्या फाईलवर नवं लग्न बसवलं. खाली दबलेल्या एका बिननावाच्या लेयरमधून आधीच्या नवरीचं नाव वर आलं आणि हळदीच्या मांडवात मोठ्या पडद्यावर झळकलं. वरपक्ष चवताळला. सर त्या पोराला सगळ्यांसमोर फाडून खायला निघाले, तर ताई मध्ये पडल्या. "एका दिवसात तीन लग्नं उरकायला कोणी सांगितलं होतं? तुम्ही ना? मग ओरडायचं तर आरशासमोर ओरडा." नंतर त्या पोराला बाजूला घेऊन त्यांनी जे सुनावलं, ते त्याला जन्मभर पुरेल. पण सरांच्या देखत एक शब्द नाही.

मग ती प्लॉटची जाहिरात आली. एका कंपनीला किनाऱ्यालगत बंगल्यांची वसाहत करायची होती. आकाशातून दिसणारा हलता नकाशा हवा होता. समुद्र, खाडी, सुरूची झाडं, रस्ता. जागा नेमकी ताईंच्या गावाला लागून. ताईंनी ते काम दुसऱ्या कोणाला दिलंच नाही. किनाऱ्यावरची वस्ती त्यांनी घर न् घर काढली आणि प्रत्येक लेयरला नाव दिलं. हिराकाकाचं घर. ताराआत्याचा ओटा. जाळी वाळवायची जागा. होळीचा माळ. कौलांचा रंगसुद्धा घरागणिक वेगळा. ते सगळं एका पाकिटात घातलं आणि पाकिटाला नाव दिलं, वाडी.

कंपनीचे साहेब नकाशा बघायला आले. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "छान आहे. पण ही घरं कशाला? प्लॉटमधून थेट समुद्र दिसला पाहिजे."

सर लगबगीनं उठले. माऊस त्यांनी स्वतःच घेतला. शोधावं लागलंच नाही. 'वाडी' ठळक लिहिलेलं होतं. शेजारी डोळ्याची खूण असते, ती मिटली की लेयर दिसेनासा होतो. सरांनी डोळा मिटला. अख्खी वस्ती गेली. रिकामी वाळू राहिली आणि पलीकडे निळाशार समुद्र.

"वा!" साहेब म्हणाले.

"सर, तिथं माणसं राहतात," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, जाहिरात आहे ही. आणि डिलीट कुठं केलंय? बंद केलंय फक्त."

स्टुडिओत ताई छापील मराठी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदाच गावची बोली बाहेर आली. "न्हाय. तो डोळा उघडा आधी. माझी आई हाय त्या वाडीत."

सरांनी उघडला नाही. उद्यापासून येऊ नका, असं साहेबांच्या समोरच सांगितलं. साहेब चहा पीत राहिले. त्यांचं ते सावकाश चहा पिणं आठवलं की आजही माझ्या कपाळाची शीर उठते.

मी ताईंच्या मागोमाग जिना उतरलो. त्या रागानं म्हणाल्या, "एका क्लिकमध्ये गेली रे वाडी. मीच नीट बांधून हातात दिली."

"घरं विखरून ठेवायला हवी होती तुम्ही," मी म्हणालो. "सर शोधत बसले असते."

त्या माझ्यावर उखडल्या. "का? त्याच्या हरामखोरीसाठी मी माझं काम घाण करू?"

पुढे तीच फिल्म गावात दाखवून कंपनीला ग्रामसभेकडून ना हरकत ठराव घ्यायचा होता. सरांनी मला प्रोजेक्टर घेऊन पाठवलं. तिथं काही बदल सुचवले तर करता यावेत म्हणून मूळ फाईलही दिली. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलच्या खिडक्या लावून आम्ही फिल्म सुरू केली. संगीत वाजलं, समुद्र चमकला, बंगले वर आले. माणसं बघत होती. मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठले.

"आमची वाडी कंच्या बाजूला हाय यात?"

"आजोबा, हे नुसतं चित्र आहे," कंपनीचा माणूस हसून म्हणाला.

मागे बायकांमधून ताई उभ्या राहिल्या. त्या आल्यात हे मला ठाऊकच नव्हतं. "चित्र मी काढलंय. त्यात वाडी होती. निलेश, मूळ फाईल आणलीस?"

"आणलीय, ताई."

"उघड."

कंपनीचा माणूस माझ्याकडे बघून 'नको' म्हणून मान हलवत होता. नोकरी जाणार हे मला दिसत होतं. मी फाईल उघडली. 'वाडी'वर गेलो आणि डोळा उघडला.

घरं एकदम पडद्यावर आली. कोणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो आपला ओटा!" ताई पुढे आल्या आणि एकेक लेयरचं नाव मोठ्यानं वाचू लागल्या. ज्याचं घर, तो उभा राहत होता. थोड्याच वेळात हॉलमध्ये बसलेलं कोणी उरलं नाही. सरपंचांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि सभा संपल्याचं सांगितलं.

मी वायर गुंडाळत होतो तेव्हाच सरांचा फोन आला. मलाही सुट्टी.

हे सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. कंपनी पुढच्या गावात गेली. तिथली घरं कोणी नकाशात काढलेली नव्हती, आणि तिथं ठराव झाला. आज तिथं उंच पत्रे ठोकलेत. ताईंना अलिबागमध्ये कोणी उभं केलं नाही. बाई भांडखोर आहे, असं सरांनी सगळीकडे पसरवलं होतं. अशी माणसं हवीत म्हणून लोक नंतर रडतात, आणि ती दारात आली की त्यांनाच हाकलतात.

शेवटी त्यांना मुंबईत काम मिळालं. मांडव्याच्या धक्क्यावर मी त्यांना सोडायला गेलो. बोटीत गाड्या चढत होत्या. मी सरांना, कंपनीला, सगळ्यांना शिव्या घालत होतो. ताईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग बॅग उचलली.

"राग येतोय ना? येऊ दे. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मला फोन कर. मी येऊन पुन्हा आणते."

त्याला बराच काळ झाला. मी अजून फोन केलेला नाही.