जागा रिकामी झाल्यास

“आधी आत तर शिरू द्या हो. ब्रँच काय, नंतर बदलता येते,” शिरीषमामा म्हणाले आणि माझा लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे वळवून घेतला.

ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. साइट संध्याकाळी बंद होणार होती. नाशिकच्या इंदिरानगरातल्या माझ्या ऑफिसात मुक्ता, तिचे आईवडील आणि हे मामा असे चौघे बसले होते. मी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं समुपदेशन करते. म्हणजे मुलांना मार्क मिळालेले असतात, पालकांना स्वप्नं पडलेली असतात, आणि दोन्हींची गाठ घालून देण्याची मी फी घेते. प्रत्येक कुटुंबाबरोबर एक जाणकार नातेवाईक येतोच. तो एकच असावा, एवढा माझा नियम आहे. दोन आले की चहा वाढतो आणि काम थांबतं.

ऑप्शन फॉर्म म्हणजे पसंतीक्रम. कॉलेज आणि ब्रँच अशा जोड्या एकाखाली एक लिहायच्या. सिस्टिम वरून खाली येते आणि तुमच्या पर्सेंटाइलला जी पहिली जागा बसते ती देऊन मोकळी होते. ती जोडी तुम्ही मनापासून लिहिली होती की मामांच्या आग्रहाखातर, हे ती विचारत नाही.

मुक्ताला इलेक्ट्रिकल हवं होतं. कारण विचारलं तर सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल ती इतकं बोलली, की मीच घड्याळ पाहिलं. नाशिकच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळेल असं मागच्या कटऑफवरून दिसत होतं. पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजात ते जवळजवळ अशक्य होतं. तिथे मिळणार होतं प्रॉडक्शन, म्हणजे कारखान्यात माल कसा बनवायचा त्याचं शास्त्र. ब्रँच चांगली आहे, ज्याला हवी त्याला.

“पुण्याचं प्रॉडक्शन वर टाका, मग नाशिक,” मामा म्हणाले. “नाव लागलं की लागलं. आमचा मुलगा अथर्व बघा, तिथेच आहे.”

“अथर्वच्या वेळी सगळं दादानंच केलं,” मुक्ताची आई म्हणाली.

“मला प्रॉडक्शन नकोय,” मुक्ता म्हणाली.

“तुला कोण म्हणतंय घे म्हणून? नुसतं लिहायचं.”

असं नुसतं लिहिलेलं शिकत बसलेली बरीच मुलं मी पाहिली आहेत. पण मामांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी त्या कॉलेजची माहितीपुस्तिका काढली आणि नियम मोठ्यानं वाचला. “दुसऱ्या वर्षी जागा रिकामी झाल्यास गुणवत्तेनुसार ब्रँच बदलण्याचा विचार केला जाईल.”

“बघा. छापील आहे,” मामा म्हणाले.

मुक्ताचे वडील, विनायकराव, तोपर्यंत मोबाइलमध्ये होते. ते एका विमा कंपनीत क्लेम विभागात आहेत. लोकांचे दावे तपासायचे, मंजूर करायचे किंवा परत पाठवायचे, हे त्यांचं काम. त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

“मॅडम, शेवट परत वाचा.”

“विचार केला जाईल.”

“हे वाक्य मी आठवड्यातून दहादा लिहितो,” ते म्हणाले. “नाही म्हणायचं असलं की.”

मामा हसले. विनायकराव हसले नाहीत. ते खुर्ची वळवून बसले.

“शिरीष, अथर्व लागला कशाला होता?”

“प्रॉडक्शनलाच. पण नंतर त्यानं...”

“आता कशाला आहे?”

“प्रोसेस चालू आहे, भाऊजी.”

“कितवं वर्ष?”

“तिसरं.”

“अर्जाची पोच आहे?”

मामांनी चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

“अर्ज दिला होता, बाबा,” मुक्ता खाली बघत म्हणाली. “जागाच निघाली नाही. अथर्वदादानं मला सांगितलं, घरी बोलू नको म्हणाला. मामानं सगळ्यांना कॉम्प्युटर सांगितलंय ना.”

“दादा,” मुक्ताची आई म्हणाली, “आम्ही कॉलनीभर कॉम्प्युटरचे पेढे वाटले रे.”

मग मी हिशेब समजावला. जागा रिकामी होते कोणी ती सोडली तर. मागणीची ब्रँच सहसा कोणी सोडत नाही. निघालीच एखादी, तर तिच्यासाठी बाकीच्या ब्रँचमधली सगळी हुशार मुलं रांगेत असतात, आणि ती सगळी आत शिरून नंतर बदलणारीच असतात.

मी लॅपटॉप परत माझ्याकडे ओढला. पहिला पर्याय पुण्याचं इलेक्ट्रिकल. अशक्य स्वप्न सगळ्यात वर लिहावं, त्यानं खालचं काही बिघडत नाही. दुसरं नाशिकचं इलेक्ट्रिकल. त्याखाली चांदवड धरून जिल्ह्यातली बाकीची इलेक्ट्रिकल.

“पुण्याचं प्रॉडक्शन अगदी शेवटी ठेवलं तर?” आईनं विचारलं. आशा लगेच सुटत नाही.

“हे वरचं काहीच नाही मिळालं तर प्रॉडक्शन चालेल का तुला?” मी मुक्ताला विचारलं.

“नाही.”

“मग नको,” विनायकराव म्हणाले.

ओटीपी मुक्ताच्या मोबाइलवर आला. फॉर्म तिनं स्वतः कन्फर्म केला. तेवढ्यात मामांना फोन आला, निदान ते फोन कानाला लावून बाहेर गेले. रिंग मी तरी ऐकली नाही.

पहिल्या राउंडमध्ये नाशिकचं इलेक्ट्रिकल लागलं. मुक्ता आता घरून स्कूटीवर कॉलेजला जाते आणि गणितावर कुरकुर करते, म्हणजे सगळं ठीक आहे.

मामांनी पुढच्या वर्षी माझ्याकडे त्यांच्या ऑफिसातली दोन कुटुंबं पाठवली. दोन्ही कुटुंबांनी आल्या आल्या सांगितलं, की कॉलेजच्या नावामागे न धावता ब्रँच धरावी असं शिरीषसाहेबांचं पहिल्यापासून मत आहे, भाचीलाही त्यांनीच तसं करायला लावलं. मी मान हलवली. माझ्या धंद्यात फसलेल्या सल्ल्याला मालक नसतो. लागू पडलेल्याला चार असतात, त्यात मी पाचवी कशाला होऊ?

तुमच्या घरी ही वेळ आली तर एवढंच लक्षात ठेवा. कॉलेजचं नाव बायोडेटावर एका ओळीत मावतं. ब्रँच मात्र चार वर्षं रोज सकाळी उठून शिकावी लागते, आणि त्या तासाला मामा येऊन बसत नाहीत.