पाळण्यावरून दिसणारं घर

आमच्या घरातून जत्रेला सगळे जायचे, काकी सोडून. कारण म्हैस. आमची म्हैस भारी मानी होती, काकीचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. इंद्रायणीपलीकडच्या गावची जत्रा चैत्रात भरायची. तिथल्या पाळण्याला खरी मजा यायची ती दिवे लागल्यावर, आणि धार काढायची वेळही नेमकी तीच. म्हणजे कुणीतरी मागं राहायलाच हवं होतं, आणि कुणी राहायचं ते म्हशीनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

काकी म्हणजे माझी धाकटी चुलती. लग्न होऊन आली तेव्हापासून गोठा तिच्याकडे. गंमत म्हणजे आमची जत्रा व्हायची तीही दुधाच्याच पैशांवर. डेअरीचे पैसे आले की ती त्यातले थोडे पदराच्या गाठीत बांधून ठेवायची आणि निघताना आम्हा पोरांच्या मुठीत कोंबायची.

"समदं खाऊन घालवू नगा. पाळन्यात बसा. आन वर गेलात का घराकडं हात हलवा. मी गोठ्याच्या दारात हुबी असते."

आम्ही हलवायचो. वर गेलं की खाली जत्रेचा झगमगाट, नदीपलीकडे नुसता अंधार, आणि त्या अंधारात एखाददुसरा दिवा. त्यातला एक आमचा, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. त्याच्याकडे बघून खांदे दुखेपर्यंत हात हलवायचा. मी तर पाळण्याबाहेर इतकी वाकायचे की शेजारी बसलेली बाई ओरडायची. मग रेवड्या आणि गोडी शेव घेऊन घरी आलो की चपला काढायच्या आत पहिला प्रश्न, "काकी, दिसलो का गं?"

"दिसलात की! तू लय वाकली व्हतीस. पडशील येकांद्या दिशी."

मी वाकलेच होते. त्यामुळे शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

एका वर्षी आईनंच मनावर घेतलं. "यंदा तू जा, धार मी काढते," म्हणाली. तिनं काकीचं रोजचं जुनं लुगडं नेसलं. वासानं म्हैस फसते असं आमच्याकडे मानतात, आणि बऱ्याच म्हशी फसतातही. आई लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, काकीसारखी चुचकारत गोठ्यात शिरली. म्हशीनं मान वळवून एकदा नीट बघितलं, पान्हा चोरला आणि बादलीला लाथ घातली. तोवर आम्ही नदीच्या पुलावर पोचलो होतो. मागून माझा भाऊ सायकल हाणत आला, "काकी, म्हस धार काढू दीना!" काकी नव्या साडीत होती, केसांत गजरा होता. तिनं पायातली चप्पल झटकली आणि मागं फिरली. मला त्या म्हशीचा इतका राग आला होता! खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

आता म्हैस नाही, गोठाही नाही. आई गेली. आम्ही सगळे तळेगावात फ्लॅटमध्ये राहतो, काकी तिच्या मुलाकडे असते, आणि गावच्या घराला वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असतं. यंदा चैत्रात मी काकीला म्हटलं, चल, तुला जत्रा दाखवते. इतकी वर्षं मनात होतं ते.

गाडी लावायला कुणाच्यातरी शेतात पैसे, पाळण्याला पैसे, मंचुरियनच्या बशीला पैसे. मी कुरकुरत होते. काकीनं पाळण्याचं तिकीट ऐकलं आणि थबकली. "येवढ्यात म्हशीची पेंड आली आसती."

"म्हैस गेली काकी. आता तुला कोण अडवतंय?"

"म्हून तर आले," ती म्हणाली.

पाळणा हलला तसे तिनं डोळे गच्च मिटले आणि माझा हात धरला. खाली माणसं बसवायला म्हणून आम्हाला अगदी वर थांबवलं, तेव्हा हळूच उघडले. "आपलं घर कुटंय?"

मी बोट दाखवलं. नदीच्या पलीकडे, प्लॉटिंगचे दिवे आहेत ना, त्यांच्या मागं, त्या बंगल्याच्या डावीकडे. ती डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या हातावर चापटी मारून हसायलाच लागली.

"आगं, येवढं लांब! हितून घर घावंना, तितून मानूस कसं दिसंल?"

"मग तू तर म्हणायचीस, दिसलात."

"मग काय म्हनू? दारातच इचारायचा तुमी. पाळना तेवढा दिसायचा मला, काजव्यावानी. त्यो थांबला का समजायचं, उतरली पोरं, आता येतील. मंग च्या ठेवायची."

इतक्या वर्षांनी तिला जत्रेत आणलं होतं, ती शेजारी बसली होती, आणि मला मात्र गोठ्याच्या दारात उभी असलेली काकी हवी होती. कुणीतरी मागं राहून आपला पाळणा बघत होतं, म्हणून तर ती जत्रा होती. आता घरी जाऊन कुणाला विचारायचं, दिसलो का?

तेवढ्यात काकीनं दांड्यावरचा एक हात सोडला आणि अंधाराकडे बघत हलवायला लागली.

"काकी, घराला कुलूप आहे."

"म्हाईत हाय. किल्ली माज्याच कमरंला हाय. तू हलव."

मी हलवला. सवयीनं बाहेर वाकले, तर मागून ओढणी ताणली गेली. काकीनं ती मुठीत गच्च धरली होती, आणि पाळणा खाली येईपर्यंत सोडली नाही.