प्लॉटातली ऋषीची भाजी

माझ्या घरात एका शब्दाला बंदी आहे. तण. अमरावतीच्या या कॉलनीत राहायला आले तेव्हापासून तो कानावर पडतो आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. ज्याला कुंजऱ्याची भाजी करता येत नाही, त्याच्यासाठी कुंजरा तण. मी वलगावकडच्या खेड्यातली. आमच्याकडे निंदणाला गेलेली बाई रिकाम्या ओच्यानं घरी येतच नसे. उपटलेल्यातलं खाण्यासारखं ती वेगळं काढायची आणि संध्याकाळी ते चुलीवर चढायचं.

आमच्या घरामागं एक रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो, बांधत नाही, विकत नाही, देव त्याचं भलं करो. पावसाळ्यात तिथं आधी तरोटा येतो, म्हणजे तुमचा टाकळा, मागून कुंजरा, केना आणि जमिनीला चिकटून पसरणारी चिवळ. तरोट्याचा कोवळा पाला उकडून घट्ट पिळायचा, भिजवलेली तुरीची डाळ घालायची, लसूण आणि वाळल्या मिरचीची सढळ हातानं फोडणी द्यायची. सोबत ज्वारीची भाकर. हे ताट पुढ्यात असताना मला कोणी हॉटेलात चला म्हटलं, तर मी त्याच्या तब्येतीची चौकशी करते.

मात्र ओळख पक्की पाहिजे. तरोट्याच्या शेजारीच कासोदा उगवतो आणि नवखा माणूस तिथंच फसतो. तरोट्याची पानं टोकाशी गोलसर, कासोद्याची निमुळती, टोकदार. आणि कासोद्याचं पान चुरगळलं की नाक मुरडावं असा वास. तो पोटात जाऊन चालत नाही, त्रास होतो. घरात कोणालाही मी भाजी आणायला पाठवते तेव्हा आधी डोळे मिटायला लावून दोन्ही पानं हातात देते. सांग, कोणतं? चुकला की घरी बस. यात माझ्याकडे माया नाही.

या प्लॉटात माझी एक भागीदार आहे, समोरच्या घरातल्या भाभी. त्यांच्या मालकांचं फर्निचरचं दुकान आहे. चिवळीला त्या खुल्फा म्हणतात आणि गोश्तात शिजवतात. आमची वाटणी ठरलेली होती: पाण्याच्या टाकीकडची चिवळ त्यांची, भिंतीकडचा कुंजरा माझा.

मग गणपती जवळ आले. मंडळाचे अध्यक्ष आमच्याच गल्लीतले, शिकवणीचे वर्ग चालवतात. यंदा मंडप प्लॉटात घालायचा आणि त्याआधी सगळ्या प्लॉटावर तणनाशक मारायचं, असं त्यांनी बैठकीत जाहीर केलं. फवारा बसला की त्या पावसाची भाजी गेली. आणि बी पडायच्या आत झाड जळालं की पुढच्या पावसाचीही गेली.

"काहून मारता?" मी उभी राहिले. "मंडपापुरती जागा आमी हातानं साफ करून देतो."

"काकू, साप निंगतेत तिथं. अन् त्या कचऱ्याची भाजी खाता कायले? बजारात काय कमी हाय?"

"गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी हाय. बजारातली भाजी मले चालत नाही."

ऋषिपंचमीला आमच्या बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगराखालून आलेलं धान्य नाही, नांगराखालून आलेली भाजी नाही. आपोआप उगवलेलं किंवा हातानं लावलेलं तेवढंच. अध्यक्षांना हे माहीत होतं, आणि माणूस हुशार.

"आता बैल कोणाकडे राह्यले, काकू? सगळीकडे ट्रॅक्टर. म्हणजे बजारातली भाजी ऋषीले चालूनच राह्यली!"

सगळी बैठक हसली. त्यांच्या बायकोनंही पदर तोंडाला लावला. ऋषींनी काही नवीन नियम करायच्या आत यांनी करून टाकला होता.

फवाऱ्याच्या सकाळी मी आणि भाभी उजाडल्याबरोबर प्लॉटात उतरलो. मंडपाची जागा आम्ही विळ्यानं कापून काढली, गाजरगवत मुळासकट उपटून ढीग घातला. पाठीवर पंप लावलेला माणूस आला, मागून अध्यक्ष.

"बाजूले व्हा, काकू."

"मंडपाची जागा साफ हाय. पाह्यून घ्या."

"राह्यलेलं पण मारा लागते. पैलेच ठरलं हाय."

भाभी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इसपर दवा मारोगे तो हम खाएंगे क्या?"

"खाऊ नका ना मंग!"

तिथं माझा तोल गेला. मी भिंतीशी जाऊन कुंजऱ्यात चक्क बसकण मारली.

"मारा," मी म्हटलं. "बिनधास्त मारा. पण आयकून घ्या. पंचमीचा माहा उपास हाय अन् तो मी मोडणार नाही. भाजी याच प्लॉटातली खाईन, तुमचा फवारा पिलेली. मले काही झालं तर गणपती बसलेले असताना झालं, एवढं कॉलनीले सांगा."

हा हट्टीपणा होता का? होता. धमकी होती का? तीही होती. ट्रॅक्टरच्या विनोदाला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. उपास करणारी बाई आणि दारात गणपती, यांच्या मधोमध पंप घेऊन उभं राहायची त्यांची हिंमत झाली नाही. पंपवाला माणूस तर कधीच गेटाकडे सरकला होता.

"असं अभद्र काहून बोलता, काकू," एवढंच पुटपुटून अध्यक्ष गेले.

पंचमीला मी कुंजरा, केना आणि चिवळ एकत्र शिजवली. फोडणी नाही, कांदा-लसूण नाही, नुसतं मीठ आणि हिरवी मिरची. सोबत भगर आणि दही. जेवायला बसणार तोच अध्यक्षांची बायको दारात. हातात वाटी. बैठकीत हसलेलीच ती.

"काकू, थोडी भाजी देता का? मी आणलेली बजारातली हाय. मनाले पटून नाही राह्यलं."

ताटातली भाजी काढून दिली असती तर ती वाटी घेऊन गेली असती आणि विषय संपला असता. मी वाटी ठेवून घेतली आणि तिच्या हातात टोपली दिली. "चला. मी दाखवते, तुमी खुडा."

भुकेल्या पोटी आम्ही दोघी प्लॉटात उतरलो. मंडपात आरतीची तयारी चालली होती. तिनं पहिलाच हात कासोद्याला घातला. मी तो झटकून पाडला, पान चुरगळून तिच्या नाकाशी धरलं. ती शहारली. मग मी तिला डोळे मिटायला लावले.

विसर्जनानंतर तरोट्याच्या शेंगा वाळल्या. पुण्याच्या मालकाचा भरवसा काय धरायचा, उद्या बांधेल. म्हणून मी शेंगा फोडून बी पदरात घेतलं आणि फिरायला जाताना कॉलनीभर टाकत गेले. नालीच्या कडेला, विजेच्या खांबाखाली. अध्यक्षांच्या फाटकासमोर जरा जास्तच, मुठीनं.

पुढच्या पावसात एका सकाळी ते फाटकाशी वाकून उभे दिसले, हातात खुरपं. मला पाहून म्हणाले, "काकू, हे आमच्या दारात काय उगोलं हो?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांची बायको टोपली घेऊन बाहेर आली.

"सरका तिकडे," ती त्यांना म्हणाली. "फुलं यायच्या आत खुडा लागते ते."